संधिवाताच्या औषधांची तुलना चुकते कुठे

ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एक नियम काढला: डॉक्टरांनी औषधं जेनेरिक नावानेच, म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी मूळ औषधाच्या नावाने, लिहून द्यावीत. तीन आठवड्यांत तो स्थगितही केला. नियम थांबला, वाद मात्र अजून चालू आहे, आणि तो जितका चालतो तितका उथळ होत जातो असं मला वाटतं. एक बाजू म्हणते, महाग औषध म्हणजे कंपन्यांची लूट. दुसरी म्हणते, स्वस्तात घ्याल तर पुढे भोगाल. संधिवाताचा विषय निघाला की दोन्ही बाजूंना विशेष जोर चढतो, कारण या एकाच आजारावर आठवड्याला चहा-वडापावच्या पैशांत भागणारी गोळी आहे आणि एका टोचणीला हजारो रुपये मोजायला लावणारं इंजेक्शनही आहे. मग कुणीतरी विचारतं, 'यातलं चांगलं कोणतं ते एकदा सांगून टाका.' आणि जो तो आधी ठरवलेलंच उत्तर देतो.

माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकीचा मांडला जातोय. गोळीशी इंजेक्शनाची तुलना करून फारसं काही हाती लागत नाही. तुलना व्हायला हवी ती पूर्ण उपचाराची: औषध आजाराच्या कोणत्या टप्प्यावर सुरू झालं, डोस कुठवर वाढवला, रुग्णाला किती दिवसांनी तपासलं, गुण येत नाही हे कधी ओळखलं आणि मग पुढचं पाऊल उचललं की नाही. अशी तुलना जिथे प्रामाणिकपणे झाली तिथे दिसलं की जुनी, स्वस्त औषधं नीट दिली तर पुष्कळ रुग्णांमध्ये ती महागड्या औषधांच्या अगदी जवळ पोचतात. म्हणून सरकारचा पहिला रुपया या जुन्या औषधांवर आणि ती नीट देणाऱ्या माणसांवर खर्च व्हायला हवा. आणि त्यानंतरही ज्यांचे सांधे पेटलेलेच राहतात त्यांना ते महाग इंजेक्शनही सरकारनेच दिलं पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. पहिली पुरी केली तरच दुसरी परवडते.

आधी शब्दाचा घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे 'संधिवात' हा शब्द सरसकट वापरला जातो. साठीतल्या आजोबांचा झिजलेला गुडघाही संधिवात आणि पस्तिशीतल्या बाईची सकाळी तासभर न वळणारी बोटंही संधिवातच. पहिला आजार झिजेचा आहे. दुसरा, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे होतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये भिगवणला घरोघरी जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. तीत १८ टक्क्यांहून अधिक लोकांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं होतं, ऱ्हुमॅटॉइड संधिवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अर्धा टक्का लहान वाटतो. तोच महाराष्ट्राच्या प्रौढ लोकसंख्येला लावून पाहिला तर काही लाख माणसं होतात, त्यात बायका जास्त, आणि त्यातल्या बऱ्याच ऐन कामाच्या वयातल्या. या दोन आजारांची औषधं वेगळी, त्यांच्याकडून ठेवायच्या अपेक्षा वेगळ्या. त्यांना एकाच पोत्यात घालून 'संधिवातावर काय चांगलं' म्हणून विचारणं म्हणजे ताप मलेरियाचा की टायफॉइडचा हे न बघता गोळी मागण्यासारखं आहे.

झिजेच्या आजाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे औषधांबद्दल सांगण्यासारखं कमीच आहे. झिजलेली कूर्चा परत भरून आणणारं सिद्ध झालेलं औषध आज आपल्या हातात नाही. तरीही ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या घराघरांत वर्षानुवर्षं चालू असतात. २००६मध्ये अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तुलनेसाठी दिलेली, आत औषध नसलेली बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांना बरं वाटलं आणि ग्लुकोसामाइन घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांना. हा फरक योगायोगाने पडावा इतका किरकोळ होता. मग दरमहा शेकडो रुपये कशासाठी घालवायचे? तेच पैसे मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दिले, दुखऱ्या गुडघ्यावर डायक्लोफिनॅकचं मलम चोळलं आणि वजन थोडं उतरवलं तर गुडघ्याला अधिक आराम मिळतो. आणि नवं ते अधिक चांगलं, या समजाची सगळ्यात मोठी शिक्षा याच आजाराच्या रुग्णांनी भोगली आहे. १९९९मध्ये 'व्हायॉक्स' नावाची वेदनाशामक गोळी 'पोटाला त्रास न देणारी' म्हणून आली. २०००च्या एका चाचणीत ती घेणाऱ्यांमध्ये नॅप्रॉक्सेन या जुन्या वेदनाशामकापेक्षा हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. तेव्हा खुलासा असा आला की नॅप्रॉक्सेनच हृदयाचं रक्षण करत असावं. सप्टेंबर २००४मध्ये कंपनीला ती गोळी जगभरातून मागे घ्यावी लागली. जुन्या औषधाशी केलेल्या तुलनेने इशारा वेळेवर दिला होता. तो ऐकायला चार वर्षं लागली.

आता ऱ्हुमॅटॉइड संधिवात. खरा वाद इथे आहे आणि पैशाचा प्रश्नही इथेच जीवघेणा होतो. या आजाराचं पायाभूत औषध मेथोट्रेक्सेट. 'कॅन्सरचं औषध' म्हणून आपल्या घरांत त्याची धास्ती असते. कितीतरी रुग्ण गोळीच्या पाकिटातली चिठ्ठी वाचून ती परस्पर बंद करतात. त्याची गोष्ट कळली तर भीती थोडी कमी होईल. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरले प्रयोगशाळेत जीवनसत्त्व असलेल्या फॉलिक अ‍ॅसिडवर काम करत होते. त्याच कामातून फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारी औषधं निघाली (मेथोट्रेक्सेट त्यांतलंच) आणि १९४८मध्ये अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यांतल्या एकाने लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळापुरता का होईना मागे हटवून दाखवला. त्याच वर्षी सुब्बाराव वयाच्या ५३व्या वर्षी गेले. १९५१मध्ये याच कुळातल्या औषधाचे काही डोस संधिवाताच्या रुग्णांना दिले गेले आणि सूज उतरली. कर्करोगासाठी लागते त्याच्या तुलनेत संधिवाताची मात्रा अगदी थोडी, आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. (एकदाच. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. हे केमिस्टने पाकिटावर पेनाने लिहून दिलं पाहिजे.) इतकी चांगली खूण मिळूनही अमेरिकेत संधिवातासाठी या औषधाला अधिकृत मान्यता मिळाली ती १९८८मध्ये. मधली सदतीस वर्षं काय झालं?

झालं असं की सगळ्यांचे डोळे एका चमत्काराने दिपले होते. २१ सप्टेंबर १९४८ला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या एका रुग्ण बाईला कॉर्टिसोन या स्टिरॉइडचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५०मध्ये नोबेलही आलं. त्यानंतर सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर समोर यायला लागली. स्टिरॉइड वाईट नाही. थोड्या मात्रेत, थोडे दिवस दिलं तर ते आजही उपयोगी आहे. पण नव्या औषधाचा झगमगाट जुन्याला किती काळ झाकोळून टाकतो हे इथे दिसतं. सल्फासॅलाझिन या दुसऱ्या जुन्या गोळीचं तर याहून वाईट झालं. स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांनी ते खास संधिवातासाठीच घडवलं होतं. पण ब्रिटनमध्ये १९४०च्या दशकाच्या शेवटी झालेल्या एका छोट्या तुलनेचा निकाल विरुद्ध गेला आणि औषध तीसेक वर्षं अडगळीत पडलं. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा तपासलं गेलं तेव्हा ते चालतं हे कळलं. वाईट केलेली तुलना चांगलं औषध गाडून टाकू शकते. म्हणून तुलना कोण करतं आणि कशाशी करतं, हे सामान्य रुग्णानेही विचारलं पाहिजे.

आता महागड्या इंजेक्शनांची बाजू पूर्ण ताकदीने मांडतो, कारण ती खरी आहे. बायोलॉजिक म्हणतात ती औषधं सूज पेटवणाऱ्या टीएनएफसारख्या एकेका प्रथिनाला नेमकं पकडतात. त्यांनी माणसं खाटेवरून उठवली आहेत. गोळ्यांचा गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात, इंजेक्शनाचा बहुधा त्याहून लवकर येतो. एक्स-रेमध्ये दिसणारी हाडांची झीजही ती अधिक रोखतात. स्वीडनमधल्या 'स्वेफॉट' चाचणीत मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांपैकी काहींना जोडीला इन्फ्लिक्सिमॅब हे बायोलॉजिक दिलं आणि काहींना सल्फासॅलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या जुन्या गोळ्या. वर्षाअखेरीस चांगला गुण आलेले पहिल्या गटात ३९ टक्के होते, दुसऱ्यात २५ टक्के. फरक ठळक आहे. ज्या बाईला शिवणयंत्र चालवून घर चालवायचं आहे तिला हे वर्षच महत्त्वाचं असतं. आणि तीन-तीन गोळ्यांचा मारा प्रत्यक्षात सोसत नाही, पोट बिघडतं, लोक मधेच सोडून देतात, ही तक्रारही खरी आहे.

पण त्याच स्वेफॉटमध्ये दोन वर्षांनी पाहिलं तर आकडे ३८ आणि ३१ झाले होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. हाडांच्या झिजेत इंजेक्शनाचा गट थोडा पुढे राहिला, रुग्णाच्या रोजच्या हालचालीत मात्र अंतर कमी होत गेलं. याहून सरळ प्रश्न २०१३च्या 'रॅकॅट' चाचणीने विचारला. मेथोट्रेक्सेट घेऊनही आजार धगधगत असलेले ३५३ रुग्ण घेतले. निम्म्यांना तीन जुन्या गोळ्या (मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) एकत्र, उरलेल्यांना मेथोट्रेक्सेटबरोबर इटानरसेप्ट या बायोलॉजिकचं इंजेक्शन. कुणाला काय चाललंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नाही. चोवीस आठवड्यांत गुण आला नाही त्यांना दुसऱ्या गटात हलवलं. दोन्ही गटांतून हलवावे लागलेले रुग्ण सारखेच निघाले, २७-२७ टक्के. अठ्ठेचाळीस आठवड्यांनी दोन्ही गट बरोबरीने सुधारले होते. म्हणजे गोळ्यांनी सुरुवात करून ज्यांना गरज पडली त्यांनाच इंजेक्शन दिलं, तर कुणाचं नुकसान झालं नाही. ही चाचणी कुणाच्या पैशाने झाली? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यखात्याच्या आणि दोन देशांच्या सरकारी संशोधन निधीच्या. ज्या गोळ्यांचं पेटंट कधीच संपलंय त्या जिंकून दाखवण्यासाठी कोणती कंपनी कोट्यवधी रुपये घालेल? नव्या औषधांच्या बहुतेक चाचण्या बनावट गोळीशी किंवा आधीच हरलेल्या औषधाशी होतात. तीन गोळ्यांच्या जोडणीशी समोरासमोर झुंज क्वचितच लागते. जिथे थोडीफार तशी लागली तिथला निकालही पाहा. अडालिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनाच्या बाजूने नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या 'प्रीमियर' चाचणीत ७९९ नवे रुग्ण होते. वर्षभराने निम्म्याहून अधिक सुधारणा झालेले रुग्ण नुसत्या अडालिमुमॅबवर ४१ टक्के, नुसत्या मेथोट्रेक्सेटवर ४६ टक्के आणि दोन्ही मिळून दिल्यावर ६२ टक्के होते. हाडांची झीज एकट्या इंजेक्शनाने एकट्या गोळीपेक्षा जास्त रोखली, हे मान्य. पण जाहिरातीत 'चमत्कार' म्हणून दिसतो तो बासष्टचा आकडा त्या स्वस्त गोळीला बरोबर घेतल्यावरच मिळतो.

रॅकॅटच्याच आकड्यांवरून पुढे खर्चाचा हिशोब मांडला गेला. गोळ्यांऐवजी इंजेक्शनाने सुरुवात केली तर पूर्ण निरोगी अशा एका वर्षाइतका जादा लाभ मिळवायला पहिल्या चोवीस आठवड्यांच्या हिशोबाने सुमारे २७ लाख डॉलर जादा लागत होते. तुलनेसाठी सांगतो, सरकारी आरोग्यसेवेने कोणतं औषध द्यावं हे ठरवणारी ब्रिटनची 'नाइस' ही संस्था अशा एका वर्षासाठी कित्येक वर्षं साधारण २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा धरत होती. इथे कुणी म्हणेल, हे अमेरिकेतले भाव, आपल्याला का लावता? हरकत रास्त आहे. अमेरिकेत अडालिमुमॅबच्या मूळ ब्रँडची वर्षाची छापील किंमत ७७ हजार डॉलरवर गेली होती. आपल्याकडे डिसेंबर २०१४मध्येच झायडस कंपनीने त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकसारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध, आणलं, एका कुपीला सुमारे २०० डॉलर भावाने, आणि पुढे स्पर्धेने भाव आणखी उतरले. म्हणजे आपल्याकडे इंजेक्शन आणि गोळी यांच्यातलं अंतर अमेरिकेपेक्षा कमी आहे. पण मिळकतीतलं अंतर? तालुक्याच्या गावी पंधरा हजारांवर घर चालवणाऱ्याला महिन्याला दोन इंजेक्शनं घ्यायची तर भाव निम्म्याहून निम्मा झाला तरी तो परवडत नाही. आपल्या देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला जवळजवळ ३९ टक्के अजून लोकांच्या खिशातून जातो, असं २०२१-२२चा राष्ट्रीय हिशोब सांगतो. त्यामुळे पैसा कुठे आधी घालायचा हा प्रश्न आपल्याला अमेरिकेपेक्षा अधिक काटेकोरपणे सोडवायला हवा.

माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत दुर्लक्षित पुरावा ग्लासगोचा आहे. 'टिकोरा' नावाच्या त्या चाचणीत कोणतंही नवं औषध नव्हतं. ११० रुग्ण दोन गटांत विभागले. दोन्ही गटांना तीच जुनी औषधं उपलब्ध होती. एका गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलावलं. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून सुजलेले सांधे मोजले, आकडा ठरल्यापेक्षा जास्त आला की औषध वाढवलं, सुजलेल्या सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, पुढच्या महिन्यात परत मोजलं. दीड वर्षाने आजार शांत झालेले रुग्ण नेहमीच्या गटात १६ टक्के आणि मोजणाऱ्या गटात ६५ टक्के. हे २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. एकूण खर्चही वाढला नाही, कारण बाहेरच्या फेऱ्या वाढल्या तसं दाखल व्हावं लागणं कमी झालं. सोळाचे पासष्ट! वर सांगितलेल्या कोणत्याही दोन औषधांतला फरक एवढा मोठा नाही. मग आपण वाद कशाचा घालतोय?

आपल्याकडे 'मेथोट्रेक्सेट लागू पडलं नाही' असं म्हणणाऱ्या रुग्णाची जुनी कागदपत्रं काढून पाहा. साडेसात मिलिग्रॅमवर सुरू केलं आणि दोन वर्षं तिथेच ठेवलं. मार्गदर्शक सूत्रं सांगतात, सोसत असेल तर चार-सहा आठवड्यांतच आठवड्याला किमान पंधरावर न्या. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली नाही, तोंड आलं, मळमळलं, रुग्णाने सोडून दिलं. यकृताची तपासणी कुणी सांगितली नाही किंवा सांगितली तर तिचे पैसे नव्हते. म्हणजे औषध हरलं नाही, ते कधी पूर्ण दिलंच गेलं नाही. अशा रुग्णाला पुढची पायरी म्हणून महाग इंजेक्शन लिहून दिलं की घरचे सोनं मोडतात, चार महिने घेतात आणि पैसे संपले की थांबतात. मग आजार परत उसळतो. अर्धवट घेतलेलं महाग औषध हा सगळ्यात महाग उपचार आहे.

स्वस्त औषधांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, जेनेरिकच्या दर्जाबद्दलची शंका हे केवळ कंपन्यांचं पिल्लू नाही. प्रत्येक बॅच तपासली जाते असा विश्वास आपली औषध प्रशासनं देऊ शकलेली नाहीत. पण यावर उपाय ब्रँड नाही. मेथोट्रेक्सेटचं पेटंट कुणाकडेच नसल्यामुळे दुकानात मिळणारा प्रत्येक ब्रँड हाही जेनेरिकच आहे, फक्त नाव लावलेला. उपाय दोनच: सरकारी प्रयोगशाळांनी नमुने तपासून निकाल जाहीर करणं आणि रुग्णाची सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी चाचणी) आणि सुजलेले सांधे नियमित मोजणं, म्हणजे गोळी निकामी असेल तर ते दोन महिन्यांत उघड होईल. दुसरी गोष्ट, 'स्वस्त' या नावाखाली संधिवातावर काय काय खपतं ते पाहा. नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत दुखणं पळतं तेव्हा आत बहुधा स्टिरॉइड असतं. आयुर्वेदाचा मी विरोधक नाही. पुण्यातूनच पुढाकार घेऊन ४४० गुडघेदुखीच्या रुग्णांवर केलेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयुर्वेदिक योग ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी यांच्या तोडीचे ठरले. पण त्याच चाचणीत काही रुग्णांच्या रक्तात यकृताला त्रास झाल्याचं दाखवणारं एसजीपीटी वाढलेलंही आढळलं आणि संशोधकांनी ते लपवलं नाही. मला अभिमान वाटतो तो या न लपवण्याचा. आपलं औषध आहे म्हणून त्याला तुलनेतून सूट मागणं हा आयुर्वेदावर अविश्वास आहे. आणि तो निकाल गुडघ्याच्या झिजेचा आहे. तो ऱ्हुमॅटॉइडला लावून मेथोट्रेक्सेट बंद करायला सांगणं म्हणजे बोटं वाकडी करायला मदत करणं आहे.

'कंपन्यांना नफा मिळाला नाही तर नवी औषधं कशी येतील?' या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण तो विचारणारे सगळे लबाड नसतात. नफा लागतोच. कारखाना, चाचण्या, मान्यता यांचा खर्च प्रचंड आहे. पण टीएनएफ अडवला तर संधिवात आटोक्यात येईल ही कल्पना ज्या लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये रवींदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी सिद्ध केली तिथे धर्मादाय निधी होता. अडालिमुमॅबला जन्म देणाऱ्या प्रतिपिंडाच्या तंत्रामागे ब्रिटनच्या सरकारी प्रयोगशाळेचं काम आहे. ग्रेग विंटर यांना त्यासाठी २०१८मध्ये नोबेल मिळालं. समाजाने एकदा पैसे घातलेच आहेत. पुढे २००२च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाभोवती शंभराहून अधिक पेटंटांचं कुंपण घालून अमेरिकेत २०२३पर्यंत स्पर्धा रोखली गेली. त्या वीस वर्षांतल्या नफ्याचा शोधाशी संबंध कमी आणि कुंपणाशी जास्त होता. युरोपात ऑक्टोबर २०१८मध्ये बायोसिमिलर आली तेव्हा ब्रिटनच्या आरोग्यसेवेने एकट्या या औषधात ३० कोटी पौंड वाचतील असा अंदाज जाहीर केला. आणि पुढची गोष्ट आपल्या दृष्टीने मोलाची आहे. भाव उतरल्यावर २०२१मध्ये नाइसने मध्यम तीव्रतेच्या रुग्णांनाही ही इंजेक्शनं खुली केली. त्याआधी ती फक्त तीव्र आजाराला मिळत होती. हिशोब काटेकोर ठेवल्यामुळे अधिक माणसांना औषध मिळालं. 'खर्चाचा विचार म्हणजे गरिबाला नाकारणं' असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं.

आपल्याकडे इंजेक्शनाआधी आणखी एक अट आहे आणि ती पैशाची नाही. टीएनएफ अडवला की शरीरात झोपलेला क्षयरोग उठू शकतो. २००१मध्येच इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० रुग्णांमधल्या क्षयाची नोंद झाली होती, आणि जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. तपासणी न करता इंजेक्शन देणं इथे अक्षम्य आहे. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांचंही तसंच. त्या इंजेक्शनापेक्षा सोयीच्या आहेत आणि आपल्याकडे स्वस्तही झाल्या. पण पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या ४,३६२ रुग्णांच्या चाचणीत टीएनएफच्या औषधांच्या तुलनेत हृदयविकार आणि कर्करोग जास्त दिसले. २०२१मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्यावर कडक इशारा छापायला लावला. स्वस्त झालं म्हणून सर्रास लिहून द्यावं असं हे औषध नाही.

मग सरकारने काय करावं? आयुष्मान भारत घ्या किंवा आपली महात्मा फुले योजना, दोन्हींचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होणाऱ्यावर आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा दाखल न होता ओपीडीत वर्षानुवर्षं चालणारा आजार. त्यामुळे आजची व्यवस्था गुडघा पूर्ण निकामी झाल्यावर तो बदलायला पैसे देते, पण तो निकामी होऊ नये म्हणून लागणारी गोळी आणि यकृताची तपासणी मात्र रुग्णावर सोडते. हे उलटं करायला पाहिजे. मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, फॉलिक अ‍ॅसिड तालुक्याच्या रुग्णालयात मोफत आणि अखंड मिळायला हवीत. मार्च २०२०मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन करोनासाठी म्हणून दुकानांतून गायब झालं तेव्हा ते रोज घेणाऱ्या संधिवाताच्या आणि ल्युपस या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या आजाराच्या रुग्णांनी केमिस्टांचे उंबरठे झिजवले. 'अखंड' हा शब्द मी त्यासाठी वापरतो. बायोसिमिलरची खरेदी राज्याने एकत्रित निविदेने करावी. तीन गोळ्या पूर्ण डोसने, ठरावीक महिने, मोजमाप ठेवून देऊनही आजार शमला नाही अशा प्रत्येकाला ती विनामूल्य मिळावीत. औषधांचं मूल्यमापन करण्यासाठी २०१७मध्ये केंद्राने आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली आहे. आपल्या भावांवर, आपल्या रुग्णांवर, आपल्या क्षयरोगाच्या वास्तवासह तिने या दोन वाटांचा हिशोब जाहीर करावा, म्हणजे आपल्याला ग्लासगो आणि अमेरिकेचे आकडे उसने घ्यावे लागणार नाहीत.

याला तज्ज्ञ कुठून आणायचे, असा शेवटचा आक्षेप येतो. संधिवाताचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेत हे खरंच आहे. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला दर महिन्याला पुणे-नागपूर गाठणं अशक्य आहे. निदान आणि औषधातला मोठा बदल तज्ज्ञाने करावा. पण दर महिन्याचं मोजमाप प्रशिक्षित परिचारिका करू शकते. त्यासाठी यंत्र लागत नाही. दोन्ही खांदे, कोपर, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस सांधे, असे अठ्ठावीस सांधे अंगठ्याने दाबून कुठे दुखतं, कुठे सूज आहे ते लिहायचं.

माझ्या आत्याला अडतिसाव्या वर्षी हा आजार झाला. चार वर्षांत तिला तीन ठिकाणी दाखवलं. पेनकिलर झाल्या, पुड्या झाल्या, मेथोट्रेक्सेटचा तोच छोटा डोस झाला, शेवटी तिला इंजेक्शनाचा भाव सांगितला गेला. आज तिच्या उजव्या हाताची चार बोटं करंगळीच्या बाजूला कलली आहेत, भाकरी थापता येत नाही, दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी उचलावं लागतं. मी तिला विचारलं, या चार वर्षांत कुणी तुझे सांधे दाबून मोजले होते का? तिने आठवून आठवून सांगितलं, 'नाही रे, रिपोर्ट बघायचे सगळे. हात कुणीच हातात घेतला नाही.'